न सुटलेली जोडी

माझी मुलगी गाठ सोडायला शिकली, त्याला आता काही महिने झाले. बांधता येत नाही अजून, पण सोडता येते. बुटाची नाडी, पिशवीचा बंद, शेजारणीच्या परकराची नाडी, जे हाताला लागेल ते ती ओढते आणि सुटलं की टाळ्या वाजवते. मध्यंतरी तिनं जिन्यातली वाळवणाची दोरी सोडली आणि अख्ख्या मजल्याचे ओले कपडे खाली धुळीत. खालच्या बाई त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलत होत्या. मला ती भाषा अजून भाजी घेण्यापुरतीच येते. काय बोलल्या ते कळलं नाही, आणि ते एका अर्थी बरंच झालं.

हे दक्षिणेतलं शहर आहे. माझे मालक इथं गलाईच्या दुकानात आहेत. सोनारांकडचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, ते गलाईचं काम. सांगलीच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातली आमची माणसं या कामापायी देशभर पांगलेली आहेत. पण माझे मालक आणि मी, आम्ही दोघंही मुळात मेंढरांच्या घरातले. मी सातवीपर्यंत शिकले, तीही धड एका शाळेत नाही. मेंढरं जिकडं गेली तिकडं आम्ही गेलो, आणि शाळा जिथं होती तिथंच राहिली. तेव्हा पेशी, गुणसूत्र हे शब्द मला शाळेनं दिलेले नाहीत. ते सांगलीत, विश्रामबागेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी दिले. त्यांचं माझ्यावर केवढं ऋण आहे हे त्यांना ठाऊकही नसेल. म्हणून लिहिते आहे.

माझी मुलगी इतर मुलांपेक्षा सावकाश वाढते. डोळे जरा तिरके, जीभ जरा बाहेर, चालायला लागली तेव्हा बरोबरीची मुलं पळत होती. तिच्या प्रत्येक पेशीत एक गुणसूत्र जास्त आहे. हे तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत कळलं. पण ते का जास्त आहे, हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता, कारण उत्तर मला माहीत आहे असं मला वाटत होतं. मी पोटुशी असताना ग्रहणात गाठ बांधली होती. आणि दुसरी एक गोष्ट होती, जिच्यामुळं माझी खात्रीच झाली होती. माझ्या सासूबाईंनी, ज्यांनी दिराची तिन्ही पोरं मांडीवर वाढवली, त्यांनी माझ्या पोरीला जन्मल्यापासून एकदाही उचललं नव्हतं.

ग्रहणाची ती सकाळ सांगते.

पाऊस सरला की आमचे कळप पश्चिमेला निघतात. त्या वर्षी आमचा तळ पाटणच्या अलीकडं एका शेतात पडला होता. भात निघालेलं शेत, आणि शेतकऱ्याला लेंडीखत हवं म्हणून त्यानं मेंढरं बसवायला बोलावलेलं. तळ म्हणजे काय, तर एक कापडी पाल, दोन घोडी, कुत्री, आणि वाघर. वाघर म्हणजे दोराचं जाळं. चारी बाजूंनी मेखा ठोकायच्या, त्यांना जाळं बांधायचं, आत मेंढरं. सकाळी सगळं सोडायचं, गुंडाळायचं, घोडीवर टाकायचं आणि पुढच्या शेतात पुन्हा तेच दोर, तशाच गाठी, नवीन कुंपण. माझ्या माहेरीही हेच. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचीच घरं रोज सुटतात आणि रोज बांधली जातात.

मी तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होते. मालक इकडं दक्षिणेत. बाळंतपणाला मला माहेरी धाडायचं ठरलं होतं, पण तोवर मी सासूबाईंच्या हाताखाली. थंडीचे दिवस. सकाळीच सूर्याला ग्रहण लागणार म्हणून सासूबाईंनी मला पालात बसवलं, अंगावर घोंगडं टाकलं आणि बजावलं, “पाय सरळ कर. इळ्याला हात लावू नगंस, सुईला लावू नगंस, गाठ मारू नगंस. सुटल्यावर मी सांगती, मग ऊठ.”

मेंढरंही कोंडून ठेवली होती. सासरे आणि दीर घोडी घेऊन पाण्याला गेले होते. ऊन हळूहळू पिवळं पडलं, आजाऱ्याच्या तोंडासारखं. कुत्री गप्प झाली. मेंढरांची रोजची सुटायची वेळ टळून गेलेली, ती कावली होती. त्यात मोठ्या एडक्यानं कोपऱ्यातल्या मेखेला धडक दिली. मेख उपटली, वाघरेचा तो कोपरा आडवा झाला आणि कोकरं त्यातून भसाभस बाहेर पडली. शेताला लागून रस्ता, आणि उसाचे दिवस. एकामागून एक ट्रॅक्टर चालले होते.

सासूबाई वाघरेचं एक टोक दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. ते सोडलं असतं तर अख्खा कळप रस्त्यावर गेला असता. मी घोंगडं फेकलं, धावले, मेख पुन्हा दगडानं ठोकली आणि जाळं बांधलं. करकचून, दुहेरी गाठ. मग ऊन परत आलं. कोकरं सगळी सापडली. त्यावर कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी चहा ठेवला आणि त्यात नेहमीपेक्षा जास्त साखर घातली, एवढं आठवतं.

पोरीचा जन्म माहेरी, उन्हाळ्यात, सगळं बंद असताना झाला. रस्त्यावर गाड्या नाहीत, मालकांना यायला परवानगी नाही. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला उलटीपालटी करून पाहिलं, तळहातावरची एकच आडवी रेघ पाहिली आणि म्हणाले, सांगलीला रक्त तपासून घ्या. विश्रामबागेतल्या त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा तोंडाला फडकं बांधून, भावाच्या मोटारसायकलवर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की एक गुणसूत्र जास्त आहे, हृदयाकडं लक्ष ठेवायला हवं, शिकेल, चालेल, बोलेल, फक्त वेळ लागेल. शेवटी म्हणाल्या, “काही विचारायचंय?” मी मान हलवली. नाही म्हणून.

गाठीचं विचारलं असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं, ही भीती. मी भित्रीच आहे. गॅसचा खटका बंद केला की पुन्हा जाऊन बघते, कुलूप लावलं की जिन्यावरून परत येते. आणि या बाबतीत तर बघायला परत जाण्याचीही सोय नव्हती.

सासूबाई बाळ बघायला आल्या त्या दारातच बसल्या. मी बाळ पुढं केलं. त्यांनी टोपडं, दुपटं आणि गूळ माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “हात धुतल्यालं न्हाईत माझं.” हात धुवायला पाणी दिलं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आणि “गाडी जाईल” म्हणून निघाल्या. गाडी कुठली? गाड्या बंदच होत्या. त्या दिराबरोबर पाहुण्याच्या टेम्पोतून आल्या होत्या.

पुढं मालकांनी आम्हाला इकडं आणलं. वर्षातून एकदा यात्रेला गावी जायचं. पोरगी आजीकडं धावायची, आजी उठून चुलीकडं जायची. वाईट बोलल्या नाहीत कधी. उलट जाताना तिच्यासाठी खारीक, खोबरं, लोकरीची टोपी, सगळं. पण हातात नाही द्यायच्या, माझ्या पिशवीत घालायच्या. मालक म्हणायचे, “आयचं वय झालं, सोड की.” मी सोडत नव्हते. मला त्यांचा राग येत नव्हता, हे खरं सांगते. मला वाटायचं, ही बाई बरोबर आहे. सांगितलेलं ऐकलं नाही मी.

यंदा पोरीच्या हृदयाची तपासणी करायची होती, आणि दुसऱ्या मुलाचा विचार करायचा तर आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं असं मालकांच्या मनात होतं. त्यांना दुकानातून सुट्टी मिळेना. म्हणून मी पोरीला घेऊन एकटीच गावी गेले आणि सांगलीला जायला सोबत कोण, तर घरात मोकळ्या फक्त सासूबाई. मी म्हटलं, “आत्याबाई, मी जाईन एकटी.” त्या म्हणाल्या, “व्हय, जाशील. मागल्या खेपंला सांगली म्हणून मिरजंला उतरली हुतीस.” हे खरं होतं.

दवाखान्यात हृदयाचं काम लवकर आटपलं. ठीक होतं सगळं. मग आम्ही वर डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेलो. मी एका खुर्चीवर, सासूबाई दुसऱ्या खुर्चीच्या अगदी कडेवर, पडतील अशा. पोरगी खाली बसून माझ्या पिशवीचा बंद सोडत होती. डॉक्टरीणबाईंना आम्ही आठवत होतो. त्यांनी पोरीशी थोडं बोलून घेतलं. मग दुसऱ्या मुलाचं सांगितलं, की पुन्हा असं होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा थोडी जास्त असते, पण बहुतेक वेळा होत नाही, तपासण्या असतात, आणि काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. आणि पुन्हा तेच विचारलं, “काही विचारायचंय?”

मी पुन्हा मान हलवणार होते. पण पोरीनं बंद सोडला आणि टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या तोंडातून आलं, “मॅडम, गाठ बांधल्यानं असं होतं का?”

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी उठून आले असते.

“कसली गाठ?”

“दोराची. ग्रहणात.”

सासूबाई खुर्चीवर हलल्या. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि म्हणाल्या, “हे असं का होतं ते सांगते. मग तुम्हीच मला सांगा गाठीचा काही संबंध आहे का.”

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. चूक झाली तर ती माझी, त्यांची नाही.

आपल्या अंगातली प्रत्येक पेशी म्हणजे एक छोटं घर. त्या घरात अतिशय बारीक नळ्या असतात, दोरांसारख्या. एरवी त्या पेशीभर पसरलेल्या असतात. त्यांनीच पेशीला आकार येतो, त्यांच्यावरूनच इकडचा माल तिकडं जातो. पण पेशीला दोन व्हायचं असलं की पहिली गोष्ट काय होते, तर हे सगळे दोर मोडतात. सुटे होतात, तुकडे तुकडे. जणू घरच मोडलं. आणि त्याच तुकड्यांतून नवे दोर उभे राहतात, पण आता वेगळ्या कामासाठी आणि वेगळ्या मांडणीत. पेशीच्या दोन टोकांना जणू दोन खुंट, आणि त्या दोन्ही खुंटांकडून दोर मधल्या बाजूला वाढत येतात.

“म्हंजी वाघर,” सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं वाघर म्हणजे काय. सासूबाईंनी सांगितलं, दोन वाक्यांत. मग म्हणाल्या, “रोज सोडायची, रोज बांधायची. दोर त्योच.”

“हो, तसंच. दोर तेच, मांडणी नवी.”

मग त्या दोरांचं काम. गुणसूत्रं जोडीजोडीनं असतात. एक आईकडचं, एक वडलांकडचं. अंडं तयार होताना प्रत्येक जोडीतलं एक या बाजूला आणि एक त्या बाजूला जायला हवं. दोरांना डोळे नसतात. ते वाढतात, काही लागलं नाही की आखडतात, पुन्हा दुसरीकडं वाढतात, चाचपडत राहतात. एखादं गुणसूत्र लागलं की धरतात. दोन्ही बाजूंच्या दोरांनी जोडी नीट धरली की ती ताणली जाते आणि मधोमध येऊन उभी राहते. चुकीचं धरलं तर ताण बसत नाही. मग ती पकड सुटते आणि पुन्हा धरायचं. शेवटची जोडी नीट धरली जाईतो पेशी वाटणी करत नाही, थांबते. आणि मगच ओढ लागते, दोन्हीकडून.

हे ऐकताना मी त्या खोलीत नव्हतेच. मी माझ्या माहेरच्या माळावर होते, लहान, दगडावर बसलेली.

माझे वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हाची गोष्ट. कळपाची वाटणी करायची आमच्या घरातली एक रीत होती. मोजून अर्धी इकडं, अर्धी तिकडं, असं नाही करायचे, कारण मेंढरू मेंढरासारखं नसतं. आधी जोड्या लावायच्या. म्हातारीला म्हातारी, गाभणीला गाभण, लंगडीला लंगडी. जोडीतल्या दोघींच्या गळ्यांत एकच आखूड दोर. मग एका बाजूला वडील, एका बाजूला चुलते, आणि प्रत्येक जोडीला दोन्हीकडून एकेक दोर लावायचा. एक जरी जोडी दोर लावायची राहिली तरी कुणी ओढायचं नाही. आजोबा मध्ये उभे. सगळ्या जोड्या लागल्या की आजोबा मधले आखूड दोर सोडत जायचे आणि एक मेंढी इकडं, एक तिकडं. भांडण नाही, कुरबूर नाही.

त्या दिवशी दव पडलेलं. दोर भिजून फुगले होते. एका जोडीची गाठ सुटलीच नाही, आणि वडलांच्या बाजूचा दोर गळ्यातून निसटला असणार. गडबडीत कुणाला दिसलं नाही. दोन्ही मेंढ्या चुलत्यांच्या बाजूला गेल्या. दिवस मावळताना मेंढरं कोंडली तेव्हा कळलं. चुलते मेंढी परत घेऊन आले. वडील म्हणाले, “राहू दे रं. दोघी संगं गेल्या, संगं राहूद्यात.” चुलत्यांनी आढेवेढे घेतले. आजोबा म्हणाले, “गाठ न्हाई सुटली. त्यात तुजं काय आन् त्याचं काय?” ती मेंढी चुलत्यांकडंच राहिली. तिला कुणी अपशकुनी म्हटलं नाही. पुढं आम्ही पोरं त्यांच्या तळावर गेलो की तिला शोधून तिच्या पाठीवर हात फिरवायचो, आमची म्हणून.

मी हे सगळं आठवत होते, आणि तेवढ्यात शेजारी सासूबाई म्हणाल्या, “म्हंजी हिच्यात जोडी सुटली न्हाई. दोनी एकीकडंच गेल्या. माझ्या म्हायेरी वाटणीत व्हायचं तसं.”

जोड्या लावून वाटणी त्यांच्या माहेरीही असायची, हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींशी मेंढरांबद्दल किती बोललो, पण हे कधी निघालंच नाही.

“बरोबर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ती ज्या अंड्यातून झाली, त्यात एकविसाव्या जोडीतलं एक जास्त आलं. नंतर वडलांकडचं एक आलं. झाली तीन.” आणि त्यांनी आणखी एक सांगितलं. आपल्या बाकीच्या पेशींत दोर जिथून निघतात ते दोन खुंट असतात. बाईच्या अंड्यात ते खुंटच नसतात. दोर आपले आपण गोळा होतात, आपले आपणच दोन टोकं तयार करतात. त्याला बराच वेळ लागतो, मांडणी मध्येच डळमळते, पुन्हा सावरते. म्हणून अंड्यात चुका जास्त होतात, आणि त्या कुणाच्याही अंड्यात होतात. डॉक्टरांच्याही.

“बिनमेखंची वाघर,” सासूबाई हळू म्हणाल्या. “मग ती हुबी राहती हेच लय झालं.”

त्यांनी पुढं वाकून विचारलं, “आन् डाक्टरीणबाई, तुमाला ते दिसलं कसं? रगात बघून?”

डॉक्टरीणबाईंना प्रश्न आवडला असावा. त्या म्हणाल्या की रक्तातल्या पेशी वाढवतात, त्या वाटणीला आल्या की एक औषध घालतात. त्या औषधानं दोर उभेच राहत नाहीत. ओढायला कुणी नाही, मग सगळी गुणसूत्रं मध्येच अडकून पडतात. तेव्हा त्यांचा फोटो काढता येतो, मोजता येतात. “तसलं औषध मुळात एका कंदातून मिळालं. आपल्याकडच्या कळलावीच्या वेलातही तेच असतं.”

“कळलावी?” सासूबाई एकदम ताठ बसल्या. “आवं, इखारी हाय ती! मेंढराला तोंड लावू देत न्हाई आमी तिला.”

“म्हणूनच विखारी. पेशीचे दोर उभे राहू देत नाही.”

सासूबाईंनी ते मनात कुठंतरी नीट ठेवलेलं दिसलं. खाली पोरगी पिशवीतल्या वस्तू एकेक करून काढत होती. पाण्याची बाटली, रुमाल, माझा कंगवा. मला वाटलं आता उठावं. पण सासूबाई उठेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत म्हणाल्या, “हे कवा झालं? ही जोडी... कवाच्याला?”

“ग्रहण कितव्या महिन्यात होतं?”

“पाचव्या,” मी म्हणाले.

“मग ते त्याच्या खूप आधी झालेलं. बाळ पोटात राहायच्याही आधी. अंडं तयार होतानाच. आणि अंड्याचं काम तर किती जुनं, माहीत आहे? तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होता तेव्हा ते सुरू झालं. तेव्हापासून ते अर्ध्यावर थांबून होतं. ग्रहण लागलं तोवर पोरीच्या अंगात सगळीकडं तीन झालेली होती. गाठ बांधली काय आणि नाही बांधली काय.”

मी आईच्या पोटात होते तेव्हा आई मेंढरांमागं हिंडत होती. तिच्या पोटात मी, माझ्यात ते अंडं, आणि त्यात माझ्या पोरीची अर्धी वाटणी थांबून राहिलेली. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. फक्त हात हलके झाले, वाघरेचं ओझं घोडीवर टाकल्यावर होतात तसे.

मग सासूबाई बोलल्या. डॉक्टरीणबाईंशी बोलल्या, माझ्याशी नाही.

“मीच हाक मारली हुती हिला. ही बसली हुती आपली गप, सांगितल्यागत. कोकरं सुटली आन् मीच वराडली, अगं ये ऊठ, गाठ मार म्हणून. आपणच बजावायचं आन् आपणच उठवायचं. कोकरांपायी.”

मी म्हणाले, “आत्याबाई, मी आपणहून उठले. तुम्ही हाक नाही मारली.”

“मारली.”

“मला नाही ऐकू आली.”

“तुला न्हाई आली आसंल. मी मारली की न्हाई मला ठावं न्हाई व्हय?”

खरं काय ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या आठवणीत हाक नाही. त्यांच्या आठवणीत आहे. इतकी वर्षं त्या पोरीला का उचलत नव्हत्या ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. तिच्याकडं बघितलं की त्यांना स्वतःची हाक ऐकू येत असणार. आणि मी समजत होते, की त्यांना माझी गाठ दिसते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजी, हाक मारली तरी काही नाही झालं.”

“व्हय, कळलं,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “पर मग त्येच्या आधीचं गिराण? अंडं हुतं तवाचं?”

डॉक्टरीणबाई तेव्हा मात्र हसल्या. “नाही हो आजी. तेही नाही.”

“बरं बरं. इचारून ठिवलं.” आणि मला म्हणाल्या, “तरी फुडच्या बारीला गिराणात बसशील गुमान. हे बरं, तेबी बरं.” मी हो म्हटलं. मी बसेनही. माझा स्वभाव मला माहीत आहे.

सांगलीच्या स्टँडवर आमच्या भागाची गाडी लागायला अवकाश होता. सासूबाई बाकावर बसल्या आणि कमरेची चंची काढली. पानसुपारीची त्यांची चंची जुनी आहे, चार कप्प्यांची, वरून लोकरीच्या दोरीनं बांधलेली. पोरीनं ती दोरी पाहिली. मी तिला मागं ओढणार तेवढ्यात तिनं टोक धरलं आणि ओढलं. चंची उघडी पडली, सुपारी बाकाखाली, चुन्याची डबी घरंगळत गेली. मी खाली वाकून गोळा करू लागले, तोंडानं “सॉरी हं आत्याबाई, ती असंच करते सगळीकडं” असं चाललं होतं. पोरगी टाळ्या वाजवत होती.

“सोडती व्हय गं गाठ?” सासूबाई म्हणाल्या. “बघू. ये हिकडं.”

मी वर पाहिलं तोवर त्यांनी तिला काखेत हात घालून उचललं होतं. जड आहे ती, सहज उचलली जात नाही. एक “आई गं” म्हणून त्यांनी तिला मांडीवर ठेवलं, लुगडं नीट केलं, आणि चंचीची दोरी तिच्यासमोर बांधली. वाघरेची गाठ. किती ताण आला तरी घट्ट राहते, आणि बरोबर टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. पोरीनं चुकीचं टोक ओढलं. गाठ आवळली. तिनं सोडून दिलं, दुसरं टोक चाचपलं, तेही नाही, पुन्हा पहिलं. सासूबाईंनी तिला दाखवलं नाही. नुसत्या बघत राहिल्या. मग तिच्या बोटांना बरोबर टोक लागलं आणि सुटलं.

“सुटली की गं!” सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा बांधली.

तेवढ्यात आमची गाडी लागली. लाल गाडी, आणि बघता बघता दाराशी गर्दी. मी पिशव्या उचलल्या. पुढची गाडी केव्हाची, ती लागेल का, तिला जागा मिळेल का, गावात उतरल्यावर पुढं वडापची जीप मिळेल का, माझ्या डोक्यात सगळं एकदम सुरू झालं. “आत्याबाई, चला. खिडकीतनं पिशवी टाकते मी. चला ना.”

त्यांनी वर पाहिलंच नाही. पोरगी मांडीत नीट रेलून बसली होती, आणि दोघींच्या मध्ये ती दोरी.

“जाऊ दे ती,” सासूबाई म्हणाल्या. “फुडच्या गाडीनं जाऊ. हिची गाठ सुटायची हाय अजून.”